आमच्या मिनी ट्रॅक्टरचे खाचरप्रवेश प्रकरण

करारनामा माझ्याच हस्ताक्षरात होता, ही या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत अपमानास्पद बाब आहे.

'येत्या आषाढी अमावास्येच्या सूर्यास्तापर्यंत आमच्या चारही खाचरांत भाताची लावणी पूर्ण न झाल्यास, खाली सही करणारे उभयता गावचे घर बंद करून चिरंजीव विनीत यांच्या पुण्यातील सदनिकेत (मजला चौदावा) कायमचे राहावयास जातील.' तीन प्रती. एक माझ्याकडे, एक विनीतकडे, एक देवघरात. शिमग्याला गावी आलेला विनीत एवढेच म्हणाला होता, "बाबा, सोनबाकाकांनी बैल विकले. आता शेती कोण करणार? तुम्ही अडुसष्ट वर्षांचे." यावर मी 'यंत्र करील' एवढे बोलून थांबायला हवे होते. परंतु यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीत चौतीस वर्षे देखभाल विभाग सांभाळलेला मनुष्य तोंडी काही बोलत नाही. मी कागद आणला.

हरल्यास पुढे काय वाढून ठेवले आहे, याची मला कल्पना होती. सूनबाई अंकिता यांनी आमच्या खोलीचा फोटो आगाऊ पाठवला होता. न उघडणारी खिडकी, तिच्याखाली पलंग, आणि सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक हास्य मंडळाचे वेळापत्रक : रोज सकाळी सहा वाजता, बागेत, हात वर करून. मी आयुष्यात हसलोच नाही असे नाही. पण आदेश मिळताच रांगेत उभे राहून हसण्याचे शिक्षण आमच्या तंत्रनिकेतनात दिले जात नसे.

आमच्या सौभाग्यवती अनुपमा यांनी मसुदा दोनदा वाचला. "चौदाव्या मजल्यावर विंचू येत नाहीत," एवढाच अभिप्राय देऊन सही केली, आणि दुसऱ्याच दिवशी फडताळातले पितळी डबे वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरायला घेतले. गृहिणीचा नवऱ्याच्या तांत्रिक क्षमतेवर किती विश्वास आहे, हे मोजायचे उपकरण अद्याप निघालेले नाही. पण खोकी मोजता येतात.

जुना मिनी ट्रॅक्टर घ्यायचा, हा निर्णय मी त्याच आठवड्यात जाहीर केला. निर्णय जाहीर करणे ही माझी पहिली चूक. पोलादपूरहून उमरठच्या दिशेला निघाले की डाव्या हाताच्या उतारावर आमची वाडी लागते. तिथे गुपित राहणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ग्रामसभेची तारीख.

पहिले आले सोनबा. वीस वर्षे आमची शेती त्यांच्या बैलांनी नांगरली. ओटीवर बसून त्यांनी तंबाखू मळली आणि म्हणाले, "अण्णा, येक इचारू? बैलाला नुस्तं हर्र केलं की वळतो. ह्येला वळवाया किती जागा लागंल?"

"वळणाची त्रिज्या दोन पूर्णांक एक दशांश मीटर."

"त्रिज्या ऱ्हाऊ दे. आपलं खाचर केवढं हाय?"

मी त्यांना आलेखपत्रावर काढलेला खाचरांचा आणि त्यांच्या खालून वाहणाऱ्या ओढ्याचा, म्हणजे वहाळाचा, नकाशा दाखवला. सोनबांनी तो उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि "वहाळ वरच्या अंगाला कधी गेला?" असे विचारले.

मग आला रामा. हा माझा चुलत पुतण्या. मुंबईत बारा वर्षे काढून परतलेला, म्हणून प्रत्येक विषयातला. "अण्णा, सिंपल हाय. पावर टिलर घ्यायचा. सगळी पब्लिक तेच घेते."

वास्तविक त्याचे म्हणणे बरोबर होते. डोंगरउतारावरच्या लहान खाचरांना पॉवर टिलरच सोयीचा, हे मलाही ठाऊक होते. पण पॉवर टिलरच्या मागून चिखलात चालावे लागते. ज्याने चौतीस वर्षे यंत्रांना आपल्यापुढे उभे केले, त्याने या वयात यंत्राच्या मागे धावावे, हे मला तत्त्वतः मान्य नव्हते. गुडघेही तत्त्वाच्या बाजूने होते.

मी एकतीस कलमी तपासणी तक्ता तयार केला. इंजिनाचे चाललेले तास, धुराचा रंग, क्लचचा मोकळा खेळ, मागच्या टायरांची झीज, गिअरपेटीतील तेलात धातूचा कीस, आणि विशेष महत्त्वाचे म्हणजे हायड्रॉलिक लिफ्ट : अवजार वर उचलून इंजिन बंद करायचे आणि दहा मिनिटांत ते किती मिलिमीटर खाली उतरते ते मोजायचे. तक्ता, मोजपट्टी, बॅटरी आणि जुने धोतर (खाली अंथरण्यासाठी) घेऊन मी बिरवाडीला गेलो.

तेथे जुन्या यंत्रांचा व्यवहार राजनंदिनी नावाच्या बाई पाहत. वय तिशीच्या आत, वडिलांचा धंदा पुढे चालवणाऱ्या, कानाला फोन आणि हातात पाना. मी पहिल्या ट्रॅक्टरखाली आडवा झालो. पंधरा मिनिटांनी शेजारी त्यांच्या चपला येऊन थांबल्या.

"काका, बरं वाटत नाही का?"

"मी पुढच्या धुऱ्याचा खेळ पाहतो आहे."

"असं होय. मला वाटलं, ऊन लागलं." थोड्या वेळाने पुन्हा, "काका, ट्रॅक्टर बघायला आलात की मुलगी? एवढं तर माझ्या सासरच्यांनी पण नाही बघितलं."

मी बाहेर येऊन अवजारांची पेटी उघडली. तळाशी बारीक, पिवळट, सुकलेला गाळ. मी त्यातून बोट फिरवले, ते त्यांच्यासमोर धरले आणि न्यायाधीशाच्या आवाजात म्हणालो, "हा पुरात बुडालेला आहे."

राजनंदिनीबाईंनी बोटाकडे पाहिले नाही. माझ्याकडेच पाहिले. "काका, तुम्ही महाड तालुक्यात उभे आहात. पुरात न बुडालेली एक वस्तू मला दाखवा, मी फुकट देते."

हा मुद्दा माझ्या तक्त्यात नव्हता. मी बत्तिसावे कलम जोडले.

पुढील सात आठवड्यांत मी चार ट्रॅक्टर नापास केले. एकाचा धूर निळसर होता. एकाचे तासमापक यंत्र एक हजार एकशे चाळीस तास दाखवत होते, पण क्लचच्या पायपट्टीची झीज चार हजार तासांची होती. ट्रॅक्टर खोटे बोलत नाही, त्याचे घड्याळ बोलते. तिसरा सर्व कलमांत उत्तीर्ण झाला, पण माझे शेरे लिहून होईपर्यंत दुसऱ्याने तो नेला. चौथ्याबद्दल मी बोलू इच्छित नाही. त्याची लिफ्ट दहा मिनिटांत जी काय खाली आली ती माझ्या तळहातावर. पाचवा, पोपटी रंगाचा, अठरा अश्वशक्तीचा, पूर्वी कोणाच्या तरी आंब्याच्या बागेत फवारणी केलेला. लिफ्टची उतरण चार मिलिमीटर. मी तीनदा मोजली.

"काका, आता कुंडली जुळली का?"

"जुळली," मी म्हणालो.

"मग जूनच्या आत घेऊन जा. वट पौर्णिमा झाली की माझ्याकडे रोटाव्हेटर ओढायलासुद्धा ट्रॅक्टर शिल्लक राहत नाही."

ट्रॅक्टर नेता आला असता; कागद नेता येत नव्हते. मूळ मालक मुंबईला, त्यांची सही हवी. ती आली, तर वेगळ्या पेनाने केलेली म्हणून परत गेली. मी ज्या कार्यालयात हे सर्व अनुभवले त्याचे नाव घेत नाही. त्यांनीही माझे कधी घेतले नाही, टोकन क्रमांकानेच बोलावले. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी शेतकरी असल्याचा पुरावा मागितला. मी सातबारा दिला. त्यावर आमच्या खापरपणजोबांपासून सत्तावीस नावे आहेत.

"यात तुम्ही कुठले?"

"सतरावा."

"सोळावे हयात आहेत का?"

"नाहीत."

"मग त्यांचा मृत्यूचा दाखला."

"अहो, ते एकोणीसशे बासष्टमध्ये वारले. शिवाय ट्रॅक्टर त्यांच्या नावावर करायचा नाही."

"ते त्यांनी येऊन सांगायला पाहिजे," गृहस्थ म्हणाले आणि जेवायला गेले.

बत्तीस कलमांच्या तक्त्यात मी माणसांसाठी एकही कलम ठेवले नव्हते. पाच फेऱ्यांनंतर सोळाव्या नावाशिवाय काम झाले. कसे झाले ते मला कळले नाही. त्या दिवशी खिडकीत दुसरे गृहस्थ होते. मी ट्रॅक्टर वाडीच्या डांबरी रस्त्यावर आणून उभा केला तेव्हा आषाढ लागून आठवडा उलटला होता, डोंगरावर ढग टेकले होते, आणि आमच्या घरात खोकी नऊ झाली होती.

आता माझी दुसरी, म्हणजे खरी चूक सांगतो.

रस्त्यापासून आमची खाचरे दिसतात. उतारावरून खाली, वहाळाच्या काठी. मध्ये भावकीची सहा खाचरे आहेत : वरची दोन चंद्राबाईंची, मग दोन रामाची, एक ठकूबाईंचे, एक सोनबांचे. मी या मार्गाचे सर्वेक्षण चैत्रात केले होते. प्रत्येक बांधाची उंची, ट्रॅक्टरची रुंदी, बांध न फोडता उतरण्यासाठी ऐनाच्या दोन फळ्यांची उतरंड आणि तिचा पंधरा अंशांचा कोन. सर्व गणित अचूक होते. फक्त ते चैत्राचे होते. चैत्रात आमच्याकडे सगळा डोंगरच वाट असतो. गुरे, माणसे, वऱ्हाडे कोणाच्याही खाचरातून जातात. पाऊस पडला, रोपे वर आली, की तेच खाचर एखाद्याच्या स्वयंपाकघरासारखे होते.

मी पहिल्या बांधावर फळ्या टाकल्या तोच चंद्राबाई इरले सावरत समोर उभ्या. या माझ्या चुलत वहिनी. वय पंचाहत्तर, आवाज पंचवीस वर्षांचा.

"भावजी, कुठं?"

"खाली. आमच्या खाचरात."

"जा की. माझी ना नाय."

मी आभार मानून गिअर टाकला.

"पन औत घेऊन शिरताय न्हवं?" त्यांनी मागे जोडलेल्या रोटाव्हेटरच्या पात्यांकडे हात केला. "आपल्यात औत खाचरात शिरलं की मोकळं भायेर काढत नाय. इसरलात का कंपनीत?"

मी खरोखरच विसरलो होतो. नांगर जुंपून कोणाच्या शेतातून जायचे असेल तर तिथे निदान एक फेरा मारूनच पुढे जायचे; नाहीतर ते खाचर त्या वर्षी रुसते. लहानपणी वडिलांना असे फेरे मारताना मी पाहिले होते. त्याचे शास्त्रीय कारण मी तेव्हा विचारले होते आणि थोबाडीत खाल्ली होती.

"ही जुनी समजूत आहे, वयनी. शिवाय हे औत नाही, यंत्र आहे."

"मंग गुमान रस्त्यानं न्या यंत्र. रस्त्याला रुसवा नसतो."

डोंगराच्या कडेने वेगळी वाट काढावी, असा विचार क्षणभर मनात आला. पण कडा खणायची भाषा तळीयेच्या दरडीनंतर आमच्या खोऱ्यात कोणी करत नाही, मीही केली नाही. "ठीक आहे, एक फेरा," मी म्हणालो.

चिखलात रोटाव्हेटरचा एक फेरा म्हणजे काय, हे यंत्र न पाहिलेल्यांना सांगतो. खाचराच्या कडेने चार फूट रुंदीचे सुंदर, लोण्यासारखे चिखलपट्टे तयार होतात आणि मधला भाग उघड्या टकलासारखा उरतो. चंद्राबाई त्या टकलाकडे बघत राहिल्या. ठकूबाई बघत राहिल्या. बांधावर जमलेल्या आठ बायका बघत राहिल्या. शेवटी त्यांतली एक म्हणाली, "गो बाय, न्हाव्यानं अर्धीच केली आन् पळाला."

चौतीस वर्षांत मी अर्धवट काम सोडलेले नाही. दोन्ही खाचरांची चिखलणी मी बांधापासून बांधापर्यंत केली.

मग रामाने पहिल्या दिवशीच सांगितले, "अण्णा, चंद्राकाकीचं फुल आणि माझं हाफ, असं चालणार नाय. फॅमिलीत पार्शालिटी नको." त्याची दोन झाली. तो बांधावरून मला 'लेफ्ट, लेफ्ट, आता राइट' अशा सूचना देत होता, जणू मी विमान उतरवतो आहे. ठकूबाईंचे खाचर त्रिकोणी. तिथे वळणाची त्रिज्या कामी आली नाही, पण ठकूबाईंची काठी कामी आली. ती ज्या कोपऱ्याकडे रोखलेली असे तो कोपरा झाल्याशिवाय मला चहा मिळत नसे. सोनबांच्या खाचरात मी स्वतःहूनच पूर्ण फेरे मारले. ते वरच्या बांधावर बसून होते. काम संपल्यावर त्यांनी ट्रॅक्टरच्या बोनेटवर हात ठेवला, चटका बसला म्हणून काढला आणि म्हणाले, "बैल एवढा तापत नसं, अण्णा." मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला पेंढ्याची चटई आणून पांघरली.

या सर्वांत नऊ दिवस गेले. मध्ये एक दिवस चाक रुतले, एक दिवस पट्टा तुटला, दोन दिवस पाऊस असा की समोरचे स्टिअरिंगही अंदाजाने धरावे. दररोज संध्याकाळी विनीतचा फोन. "बाबा, किती टक्के?"

"एकूण क्षेत्राच्या साठ टक्के."

"आपल्या क्षेत्राच्या?"

"शून्य," मला सांगावे लागे. खोटे आकडे देणे माझ्या स्वभावात नाही. असते तर मी मुख्य अभियंता होऊन निवृत्त झालो असतो.

सोनबांच्या बांधावर उभे राहून मी मागे वळून पाहिले तेव्हा मला एक तांत्रिक गोष्ट उमगली. मी जे खाचर चिखलून पुढे जात होतो, त्यात बायका माझ्या पाठोपाठ रोपे लावत येत होत्या. रस्त्यापासून इथपर्यंत हिरव्यागार ओळी उभ्या होत्या. पाइपात एकाच दिशेने पाणी सोडणारी झडप असते. पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. मी आयुष्यभर अशा झडपा बसवल्या. स्वतः तीमधून जाण्याची ही पहिलीच वेळ. कापणी होईपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, हा ट्रॅक्टर रस्त्याला लागणे अशक्य होते. हे मी घरी कोणाला सांगितले नाही. अनुपमाने त्या रात्रीच्या जेवणात शेवटचा पितळी डबा वापरला आणि धुऊन दहाव्या खोक्यात टाकला.

आमच्या पहिल्या तीन खाचरांची चिखलणी आणि लावणी चतुर्दशीपर्यंत आटोपली. उरले वहाळाकाठचे चौथे, आणि उरला करारातला शेवटचा दिवस. आषाढी अमावास्येला आमच्याकडचे पुरुष कोणत्या धार्मिक कार्यात गढलेले असतात, हे मी सुसंस्कृत वाचकांना सांगत बसत नाही. रामाला हाक मारली तर घराच्या मागून कोंबडीचा आणि त्याचा, असे दोन आवाज एकदम आले. "अण्णा, आज टोटल बिझी!"

म्हणजे शेतात मी, अनुपमा आणि बायका. मी ट्रॅक्टर खाली उतरवला. चौथ्या खाचराची जमीन मऊ आहे, हे मला नकाशावर ठाऊक होते. कडेने चार फेरे उत्तम झाले. पाचव्याला मधोमध मागची चाके जागच्या जागी फिरली, आणि माझा पोपटी ट्रॅक्टर, बत्तीस कलमांत उत्तीर्ण झालेला, एखाद्या म्हशीने दुपारी बसावे तसा संथपणे, समाधानाने मागच्या अंगाने खाली बसला.

मी डिफरन्शियल लॉक लावला, फळ्या घातल्या, दगड घातले. इंजिनाने काळा धूर सोडला. चंद्राबाईंनी बांधावरून विचारले, "भावजी, दमलाय का त्यो?"

"रुतला आहे."

"मंग बसू दे बापड्याला. सा खाचरं झाली की आमची." आणि बायकांकडे वळून, "चला गो! उरल्यालं पायांनी तुडवा. सूर्य काय भावजींसाठी थांबत नाय."

दहा बायकांनी ट्रॅक्टरभोवतीचा मधला भाग पायांनी तुडवून मऊ केला आणि रोपांच्या मुठी सोडल्या. मी सीटवर बसून होतो. उतरलो असतो तर मलाच काढायला माणसे लागली असती. ओळी चारी बाजूंनी माझ्या दिशेने येत गेल्या आणि चाकांपाशी येऊन थांबल्या. साडेसहाला फोन वाजला. त्या खाचरात रेंज फक्त ट्रॅक्टरच्या सीटवर उभे राहिले तर मिळते. मी उभा राहिलो. व्हिडिओवर विनीत, मागे अंकिता, त्यांच्या मागे आमची ती खिडकी.

"बाबा, दाखवा बरं." मी फोन सावकाश गोल फिरवला. "अरे वा! सगळं झालं?"

माझ्या पायांखाली दोन पूर्णांक चार मीटर लांब आणि सुमारे एक मीटर रुंद अशी मोकळी जागा होती, आणि तिच्यावर ट्रॅक्टर. करारात शब्द होता 'पूर्ण'. तो मीच घातला होता, आणि त्याच्याखाली रेघही मीच ओढली होती.

"नाही," मी म्हणालो. "पूर्ण नाही. ट्रॅक्टरखाली साधारण अडीच चौरस मीटर शिल्लक आहे."

विनीत माझा मुलगा आहे. तो 'जाऊ द्या हो' म्हणाला नाही. तो म्हणाला, "मग बाबा, करार..."

बांधावरच्या बायकांनाही करार ठाऊक होता; वाडीत कोणाला नव्हता? मी खाली पाहिले, कारण समोर पाहण्यासारखे काही उरले नव्हते.

खाली अनुपमा होती. लुगड्याचा काचा मारलेला, कोपरापर्यंत चिखल, हातात शेवटची मूठ. माझ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. ती वाकली, पुढच्या दोन चाकांच्या मधून आत शिरली आणि दिसेनाशी झाली. ट्रॅक्टरच्या पोटाखालून चिखलाचा बुडुक बुडुक आवाज येत राहिला. मध्ये एकदा डोके कशावर तरी आपटले आणि त्या भागाला माझ्या शास्त्रात नसलेले एक नाव मिळाले. मग पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधून आधी एक हात बाहेर आला, मग डोक्यावर ग्रीसचा पट्टा घेतलेली अनुपमा. हात रिकामे होते.

तिने माझ्या हातून फोन घेतला. फोनवर चिखलाची चार बोटे उमटली. विनीतला बहुधा आईऐवजी अंधार दिसला असावा.

"झाली लावणी. बाबांना खाली बघता येत नाही, मी बघितलंय." तिने श्वास घेतला. "आणि हे बघ, आता चारी बाजूंनी भात आहे. कापणी होईपर्यंत हे धूड इथून हलत नाही, आणि त्याला एकटं सोडून तुझे बाबा हलत नाहीत. अंकिताला म्हणावं, त्या हसणाऱ्यांना सांग, आमची वाट बघू नका."